राक्षस आणि पालक

मुलं भाज्या खात नाहीत, ही बाब निदर्शनास आल्यावर आहार खात्याने समिती नेमली. समितीने लोककथेतल्या राक्षसावर कार्टूनपट काढायचं ठरवलं आणि राक्षस रेखाटण्याचं काम माझ्या बायकोकडे आलं.

तिने तीन आठवडे खपून झकास राक्षस काढला. ढेरपोट्या, सुळेवाला, गावंच्या गावं गिळणारा. समितीने तो 'सुधारणांसह' मान्य केला. लठ्ठपणाला उत्तेजन नको म्हणून ढेरी गेली. दातांच्या डॉक्टरांनी हरकत घेतली म्हणून सुळे गेले.

"आणि माणसं खाणं काही संतुलित आहारात बसत नाही," अध्यक्ष म्हणाले. "त्याला पालक द्या. खाण्याआधी हात धुवायला लावा."

"मग त्याला राक्षस का म्हणायचं, साहेब?" बायकोने विचारलं.

"मंजुरीपत्रात तसं आहे."

घरी आल्यावर तिने वही ओढली आणि समितीने ज्याला हात लावला नव्हता तेवढंच जीव ओतून काढलं: राक्षसाचं बकाबका खाणं. तो पालकाची अख्खी जुडी तोंडात कोंबायचा, डोळे मिटायचा आणि असा मचमच चावायचा, की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं.

कार्टून शाळाशाळांत दाखवलं गेलं आणि कोणालाच अपेक्षित नव्हतं ते घडलं. मुलं पालक मागू लागली.

आमची सात वर्षांची लेक दोन्ही वेळा ताटासमोर डोळे मिटून बसायची. ऑफिसातून दमून यायचं, जुड्या आणायच्या, निवडायच्या, चार पाण्यांनी धुवायच्या. पाकीट फोडून पाच मिनिटांत जेवण उरकायची आमची घडी पार विस्कटली. त्यात ती माझ्या ताटात डोकावायची. "बाबा, तुझा पालक कुठाय?"

महिन्याभरात पालकवर्गाच्या तक्रारीवरून खात्याने कार्टून मागे घेतलं. कारण दिलं, 'कौटुंबिक स्वास्थ्यास बाधा.'

बायकोने तक्रारअर्जाची प्रत मिळवली. एकशे बारा सह्या होत्या. तिने एका सहीवर बोट ठेवलं. ती माझी होती.

"मला सांगायचंस ना," ती शांतपणे म्हणाली.

"सगळेच करत होते," मी म्हणालो.

ती उठून आत गेली. प्रत अजून माझ्यासमोर पडली आहे. मागची बाजू कोरी आहे. तुमच्या मुलांनी आज काय खाल्लं, असं अर्जात कुठेही विचारलेलं नाही. फक्त सही लागते.