भारत रात्री दहाला बंद होतो

एका युरोपियन कंपनीचं भारतातलं आगमन हा संगणकयुगातला ऐतिहासिक टप्पा मानला जातो. तसं मानणारे एकंदर तीन जण आहेत. एक त्या कंपनीचे आखाती प्रमुख लार्स, दुसरा त्यांची माहितीपुस्तिका छापणारा छापखानेवाला आणि तिसरी अबूधाबीतली एक बँक. लतीफभाई सरखोत आणि मी यात धरलेले नाही, कारण खरं काय ते आम्हाला माहीत आहे.

कंपनीच्या यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या लतीफभाईंना पाहायचं तर सकाळी पावणेसातला दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या ऑफिसात यायला हवं होतं. बाहेर जूनचं ऊन काचांवर तापायला लागलेलं असायचं. आत अंधार ठेवून एक उंच, किंचित पोक आलेला गृहस्थ भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनसमोर हाताची घडी घालून उभा असायचा. "गुड मॉर्निंग, लतीफभाई," म्हटलं की मान न वळवता उत्तर यायचं, "अजून व्हायचीय, हबीबी."

सातच्या सुमाराला स्क्रीनवरचा एक ठिपका लालचा हिरवा व्हायचा. लतीफभाई हाताची घडी सोडायचे, "उजाडलं," म्हणायचे आणि त्यानंतरच काळा सुलेमानी चहा घ्यायचे. सूर्याचं काय चाललंय याच्याशी त्यांच्या उजाडण्याचा काही संबंध नसे.

मी तिथे अहवाल लिहायचो. कंपनीत जे घडलं ते लिहायचं आणि जे घडलं नाही ते 'प्रगतिपथावर' म्हणून लिहायचं, असं माझ्या कामाचं साधारण स्वरूप होतं. कंपनी उत्तरेकडच्या एका थंड देशातली. चार मित्रांनी चीजच्या जुन्या गोदामात सुरू केलेली. लोकांची कामं आपल्या संगणकांवर चालवायची आणि त्याचं भाडं घ्यायचं, हा धंदा. त्यातही खुबी अशी की सगळे संगणक लांब युरोपात न ठेवता गिऱ्हाइकाच्या जवळ, गावोगावी छोट्या खोल्यांत थोडे थोडे ठेवायचे. कंपनी याला 'एज' म्हणायची आणि समजावून सांगायला चाळीस स्लाइड वापरायची. लतीफभाई दोन वाक्यांत उरकायचे. "धरण लांब असूं दे. रांजण दाराशी पाहिजे."

दुबईत मंदी आली ती झोपेसारखी आली. खाडीत बगळे उभे राहावेत तशा क्रेन जागच्या जागी थांबल्या. निम्मे टॉवर निम्म्या उंचीवर विचार करत बसले. लोक टाकून गेलेल्या गाड्यांवर वाळूची साय धरली. ओळखीचे चेहरे एकेक करून कमी होत गेले. शुक्रवारच्या सुट्टीत कुणाला फोन करावा तर नंबर बंद. असल्या काळात आमची कंपनी मात्र वाढत होती, कारण ज्यांना स्वतःचे संगणक विकत घेणं परवडेना ते आमचे भाड्याने घेऊ लागले. बुडालेल्या एका बिल्डरचा अख्खा मजला आम्हाला स्वस्तात मिळाला. जिथे त्याच्या न झालेल्या बेटाचं चित्र टांगलेलं होतं तिथेच आमचा नकाशा लागला.

या नकाशावर कंपनीचं प्रत्येक केंद्र म्हणजे एक ठिपका. चालू असेल तर हिरवा, बंद पडलं की लाल. महिन्याला एकदोन ठिपके वाढायचे. दिवे मालवून पाहिलं की काळ्या पाण्यावर कुणी पणत्या सोडतंय असं मला वाटायचं. लतीफभाईंना त्या होड्या वाटायच्या. शेजारच्या खोलीत शंभरेक यंत्रांचे पंखे एका सुरात घुमत असत. ते मला म्हणायचे, "डोळे मिटा, कुलकर्णीसाहेब. भरती लागलीय का नाय?" मी पुण्याचा. मला ती पाण्याची मोटार वाटायची. पण काही दिवसांनी मलाही भरती ऐकू यायला लागली, आणि दुपारच्या मीटिंगांमध्ये तिचा बराच उपयोग झाला.

दुसऱ्याच्या घराची चौकशी करण्याचा त्यांना नाद होता. नवीन माणूस नोकरीला लागला की पहिला प्रश्न, "आईवडील कुठं?" तो लखनौ म्हणाला, मनिला म्हणाला, की संगणकावर काहीतरी खटपट करून लगेच सांगायचे, "इथनं तिथं निरोप जायला डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ लागतो. म्हणजे जवळच झालं." 'रिमोट' हा शब्द त्यांना खपत नसे. रिमोट साइट म्हटलं की म्हणायचे, "रिमोट टीव्हीचा. साइटला नाव असतं."

आता भारताकडे वळतो. अरबी समुद्राच्या पलीकडच्या किनाऱ्यावर, दाभोळच्या खाडीच्या आसपास, असाच एक ठिपका होता. सकाळी सातला हिरवा होणारा तो हाच. त्याबद्दल कधी कुणी विचारलं नाही, कारण वाढत्या कंपनीत प्रत्येकाला वाटतं की ते दुसऱ्या कुणाला तरी माहीत असेल. मलाही तसंच वाटत होतं.

एकदा लार्स अबूधाबीच्या बँकेतले पाहुणे घेऊन आले. त्यातल्या एकाने बोट दाखवून विचारलं, "तुम्ही भारतातही आहात?" लार्स यांनी ठिपक्याकडे पाहिलं. भारतात आपण आहोत हे त्यांना तेव्हाच कळत होतं. पण ते शांतपणे म्हणाले, "अर्थात. फार विचारपूर्वक." बँकेने करार केला. पुढच्या माहितीपुस्तिकेवर छापून आलं: उत्तर समुद्रापासून अरबी समुद्रापर्यंत.

केंद्र अधिकृत झाल्याबरोबर त्याच्याबद्दल तक्रारी सुरू झाल्या. मुख्यालयातून पत्र आलं, भारत रोज रात्री दहाला बंद का होतो? मी लतीफभाईंना विचारलं.

"लिहा, स्थानिक धोरण."

"कसलं धोरण?"

"स्थानिक."

मी लिहिलं. मुख्यालयाचं उत्तर आलं की वीज वाचवण्याचा हा प्रयोग स्तुत्य असून इतर केंद्रांनीही विचार करावा.

मग एका सकाळी सात वाजले आणि ठिपका लालच राहिला. साडेसात झाले, आठ झाले. लतीफभाई उभेच होते. समोर केलेला चहा त्यांनी परत पाठवला. कुणीतरी "यल्ला, चला लतीफभाई, एक ठिपका गेला तर काय झालं," म्हणालं, तेही त्यांना ऐकू गेलं नसावं. ते पुन्हा पुन्हा एकच नंबर फिरवत होते आणि पलीकडे नुसती रिंग वाजत होती. मी जवळ गेलो.

"अहो, तिथल्या इंजिनिअरला फोन लावा."

"तिथं इंजिनिअर नाय."

"मग केंद्रावर आहे कोण?"

"केंद्र कसलं, कुलकर्णीसाहेब. घर आहे आमचं. आई आहे."

नऊ वाजता आईच्या शेजारची सलमा फोनवर सापडली. ती हसत म्हणाली, "चाची दापोलीला गेली, निकाहला. आज पहाटच्याला. तुमाला सांगितलं नाय?" लतीफभाई खुर्चीवर बसले. 

चहा घेता घेता त्यांनी सगळं सांगितलं. वडील कुवेतला असतानाच गेले. आई गावात एकटी. शारजात आपल्या घरी येऊन राहा म्हटलं तर म्हणते, तिथं जमिनीवर कुठं पाय टेकतात. स्वयंपाकघरात फळीवर, पिठाच्या डब्याशेजारी, इंटरनेटचा डबा ठेवलेला. पूर्वी माडावर वीज पडून टीव्ही जळला होता, तेव्हापासून ती रात्री दहाला घराचा मेन स्विच बंद करते. फ्रिजचं काय, तर संध्याकाळपर्यंत थंड झालेलं सकाळपर्यंत थंडच असतं, असं तिचं मत. फजरची नमाज कंदिलाच्या उजेडात. मग साडेआठला पंप लावायला स्विच वर. तेव्हा आपल्या इथले सात.

"पण रोज फोन करता की तुम्ही."

"फोनवर ती बरीच असते. गेल्या साली मनगट मोडलं, तरी पंधरा दिवस बरीच होती. फोनवर खोटं बोलता येतं. स्विच खोटं बोलत नाय."

"आणि ते कंपनीच्या नकाशावर कशाला टाकलंत?"

ते जरा ओशाळले. "नकाशा नवीन लावला तेव्हा चालतो का बघायला एक पत्ता पाहिजे होता. मला दुसरा पत्ता माहीत नव्हता."

"आता लार्सना सांगून टाका."

"सांगितलं तर नोकरी जाईल, व्हिसा जाईल. मग घरीच जाईन आईजवळ."

"मग बरंच की."

"आणि खायचं काय, ठिपका?"

मी अहवालात लिहिलं: भारत केंद्र पूर्वनियोजित कारणाने दिवसभर बंद होतं. पण या एका दिवसाने मुख्यालय हललं. लार्स यांनी फर्मान काढलं की भारताला मोठा यूपीएस बसवा. रात्रभर पुरेल असा. ठिपका चोवीस तास हिरवा दिसला पाहिजे.

माणसाने आपल्या खात्याची प्रगती थांबवण्यासाठी एवढी मेहनत घेतलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. लतीफभाईंनी आधी पाऊस सांगितला, मग रमजान, मग घाटात कोसळलेली दरड. प्रत्येक कारणाला पुढे इन्शाल्ला. मी इमानाने सगळं 'प्रगतिपथावर' ठेवत गेलो. शेवटी लार्स यांनी स्वतःच चिपळूणचा एक कंत्राटदार शोधून काढला. त्याने एका गुरुवारी दुपारी जाऊन यूपीएस बसवला आणि लतीफभाईंना फोटोही पाठवला. फोटोत पिठाच्या डब्याशेजारी काळा चकचकीत ठोकळा, आणि कडेला पदराचं टोक.

त्या संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर आम्ही दोघे नकाशासमोर बसलो. बाहेर धूळ उठली होती आणि समोरचे टॉवर खालून पुसत चालले होते. वरचे मजले नुसतेच हवेत राहिले. साडेआठ झाले. तिथले दहा. ठिपका हिरवा. आठ पस्तीस. हिरवा.

"झालं," लतीफभाई म्हणाले. "आता ती मेली तरी हा हिरवाच राहील."

 मी नकाशाकडे पाहिलं. एवढे सगळे दिवे, मद्रिदपासून मस्कतपर्यंत, आणि त्यातल्या एकाच्याही घरातलं कुणी आम्हाला माहीत नव्हतं.

आठ चाळीसला ठिपका लाल झाला.

लतीफभाई ताडकन उठले आणि त्यांनी फोन लावला. स्पीकर चुकून चालू झाला की त्यांनीच केला, ते माहीत नाही. चार रिंगांनंतर एक खणखणीत म्हातारा आवाज आला.

"कोण?"

"आई, मी. बरी आहेस ना?"

"बरी आहे. मला काय धाड भरलीय?"

"तो नवीन डबा बंद झाला काय?"

"झाला कशाला, मीच केला. मेन पाडला तसा टीं टीं करून रडायला लागला. बराच वेळ रडूं दिला, म्हटलं दमेल आपोआप. मग पाठीमागं बटण सापडलं. दाबलं. झोपला. तू अजून ऑफिसात? जेवलास?"

"जेवतो."

"जेव. आणि त्या चिपळूणवाल्याला सांग, रडणारी वस्तू लोकांच्या घरात ठेवूं नको."

फोन बंद झाला.  लतीफभाईंनी डोळ्यांवरून तळहात फिरवला, सगळे दिवे लावले आणि मला म्हणाले, "चला, तुम्हाला मेट्रोपर्यंत सोडतो."

महिनाअखेरीच्या अहवालात मी नोंद केली: भारत केंद्रात अत्याधुनिक यूपीएस यशस्वीरीत्या बसवण्यात आला. केंद्र चालू राहण्याच्या वेळेत फरक पडलेला नाही.