विमानाच्या उशिराची विचारपूस

“वहिनी, त्या भरपाईच्या भानगडीत आईला फोनवर बसवू नकोस. ती पलीकडच्या माणसाला घरातलंच करून टाकते,” असं नणंदेने बजावलं होतं. सूनबाईने ते हसण्यावारी नेलं. माणूस घरातलं झालं तर काम उलट लवकर होईल, असं तिला वाटलं.

सासूबाई येणार त्याच दिवशी बाळंतपणाच्या रजेनंतर कामावर रुजू व्हायचं तिने ठरवलं होतं. सासूबाई पहाटे उतरणार, बाळाला मांडीवर घेणार आणि ही इस्त्रीचे कपडे घालून ऑफिसला जाणार. विमानाने मात्र जागचं हलायचं नाव घेतलं नाही. सासूबाई उतरल्या संध्याकाळी. तोवर सूनबाई बाळाला कडेवर घेऊन ऑफिसात जाऊन आली होती, बाळाने साहेबांच्या कीबोर्डवर दूध ओकलं होतं, आणि साहेब ‘तुम्ही सवडीने या’ असं इतक्या गोड आवाजात म्हणाले होते की तिने घरी येऊन नेमणुकीचं पत्र पुन्हा वाचून काढलं.

कुणाला तरी याचा जाब विचारायलाच हवा होता. तिने विमान कंपनीकडे भरपाई मागितली, अर्थात सासूबाईंच्या नावाने. तक्रार सगळी स्वतःची होती. ती तिने सासूबाईंची कंबर, गुडघे आणि रक्तदाब यांच्यात वाटून टाकली.

काही दिवसांनी कंपनीतल्या बाईंचा फोन आला. प्रवाशाशी स्वतः बोलावं लागतं, असं खोकत खोकत म्हणाल्या. सूनबाईने फोन स्पीकरवर टाकला.

“आजी, प्रवास कसा झाला?”

“अगं, फार छान झाला,” सासूबाई म्हणाल्या.

आणि सुरूच झाल्या. पाठ टेकता येईल अशी खुर्ची मिळाली होती. शेजारी दोघी बहिणी होत्या, कितीतरी वर्षांनी एकमेकींशी बोलत होत्या, आणि तेही विमान निघेना म्हणून. काउंटरवरच्या पोरीला मात्र जो तो येऊन झापत होता. सासूबाईंनी तिला डब्यातलं अर्धं खायला घातलं. माझ्या भरपाईचं नंतर बघा, आधी त्या पोरीला बसायला खुर्ची द्या, असंही त्यांनी कंपनीला सुचवलं.

सूनबाई समोर उभी राहून स्वतःच्या कंबरेकडे बोट दाखवत होती.

“माझी सून कंबर दाखवतेय,” सासूबाईंनी फोनला सांगितलं. “दुखते हो तिची. दिवसभर मूल कडेवर. सांगत नाही कुणाला.”

फोन संपल्यावर सूनबाईऐवजी भांडी बोलली. शेवटी नवरा मधे पडला आणि आईची तालीम घ्यायला बसला. तो झाला कंपनीचा माणूस. सासूबाई ठरल्याप्रमाणे विव्हळल्या, तेव्हा बाळ खळखळून हसलं. मग बाळाला हसवण्यासाठी त्या इतक्या वेळा विव्हळल्या की तालीम तिथेच बारगळली.

तरी सूनबाईने कंपनीतल्या त्याच बाईंना उलट फोन लावला. आईंना त्या दिवशी नीट आठवत नव्हतं, असं सांगून तिने तो सासूबाईंच्या हातात दिला.

“माझी कंबर धरली होती,” सासूबाई पाठ केल्यासारखं म्हणाल्या. मग आपल्या नेहमीच्या आवाजात, “तुझा खोकला गेला का गं?”

पुढचं बोलणं खोकल्यावरून बाईंच्या मुलाच्या झोपेवर गेलं. सूनबाईने फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला.

“भरपाई मिळणार की नाही, तेवढं सांगा.”

“ती तर मंजूर झाली. विमानाला उशीर किती झाला, एवढंच आम्ही बघतो.”

“मग त्या दिवशी एवढी चौकशी कशाला केलीत?”

“मी फक्त प्रवासी त्याच आहेत ना, एवढी खात्री करत होते. प्रवासाचं आपलं सहज विचारलं,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला त्या प्रवासातलं सगळं त्यांनी आधीच सांगितलं असेल ना?”

सूनबाईला ती संध्याकाळ आठवली. सासूबाईंनी दारात बॅग टेकायच्या आत तिने बाळ त्यांच्या हातात दिलं होतं, आणि विमानाला किती उशीर झाला ते त्यांनाच ऐकवलं होतं.

तिने गॅस बंद केला आणि बाहेर येऊन बसली. “आई, त्या दोघी बहिणींचं शेवटी काय झालं?”

सासूबाईंनी बाळ दुसऱ्या मांडीवर घेतलं. “सांगते. आधी ती उशी घे कंबरेला.”

तुमच्याकडेही कुणी लांबून आलं असेल आणि आल्या पावली कामाला लागलं असेल. हे वाचून झालं की जरा आतल्या खोलीत डोकावून या. प्रवास कसा झाला, एवढंच विचारा. पण बसून विचारा. उभ्या उभ्या विचारलंत, तर ‘बरा झाला’ म्हणतील आणि तुमच्या हातातलं बाळ मागून घेतील.