फ्रिजला लागलेला मंत्र

स्वयंपाकघरातला फ्रिज मरायला टेकला होता आणि सूनबाई रोज सकाळी उठून आधी तो गेला का ते बघत होती. तिचा काही दोष नव्हता. दार बंद राहावं म्हणून त्याला नाडी बांधलेली, खाली फडकं आणि फडक्याखाली पाणी. गार म्हणाल तर फक्त अंड्यांच्या कप्प्यात, तेही पहाटे. सूनबाई ऑर्डरचे केक करायची. मागच्या केकवरची नवरा-नवरी क्रीमसकट घसरून डब्याच्या कोपऱ्यात जाऊन बसली आणि नवरीच्या आईने तिथेच डोळ्याला पदर लावला. आता रविवारी लग्नाच्या हॉलवाल्याचा तीन मजली केक होता. तो उभा राहिला तर हॉलची सगळी कामं हिची. बसला, तर पुन्हा कुणी दारात यायचं नाही.

पण तिचा नवरा म्हणजे चिकटराव. हे नाव त्याला सख्ख्या आईने ठेवलं होतं, म्हणजे खोटं असायचं कारण नाही. त्याचा नियम एकच, चालू वस्तू बदलायची नाही. फ्रिजला कान लावला की घरघर ऐकू येते ना, मग तो चालू.

"मेला की त्याच दिवशी नवीन आणतो," तो म्हणे. "शब्द आहे माझा."

"अहो, पण तो मरत नाहीये."

"मग झालं तर."

त्यातच सासूबाईंनी मंत्र घेतला. डॉक्टरांनी छातीला यंत्र लावून सांगितलं की ठोके मधूनच चुकतात. सासूबाईंनी त्यांना यंत्र बदलायला सांगितलं आणि तडक गुरुजींकडे गेल्या. गुरुजींनी मृत्युंजयाचा मंत्र दिला. उच्चार घोटून घेतले. बसायची जागा बदलू नका, पूर्वेला तोंड करा, जपात बोलू नका, पाठ दुखत असेल तर टेकलात तरी चालेल, सगळं समजावलं. आता अर्थ सांगतो म्हणून त्यांनी घसा साफ केला, तोवर बाई उठल्यासुद्धा. दूध गॅसवर ठेवून आलेय, अर्थ पुढच्या खेपेला, म्हणाल्या. पुढची खेप काही झाली नाही. मंत्र पाठ असल्यावर अर्थाचं काय लोणचं घालायचंय, असं त्यांना वाटलं. निम्म्या जगाला तसंच वाटतं.

पूर्वेला तोंड आणि पाठीला टेकू अशी जागा सासूबाईंना एकच पसंत पडली, फ्रिजच्या कुशीला. शिवाय ती कूस ऊबदार होती. सासूबाई आसन टाकून बसल्या आणि मोठ्या आवाजात जप सुरू झाला. काही दिवसांत फ्रिजची घरघर खणखणीत झाली. गार मात्र होईना. क्रीम वितळायचं ते वितळतच होतं.

सूनबाईने फ्रिजवाल्याला बोलावलं. याने एकदा मेला म्हणून सांगितलं की सुटले, असा तिचा हिशेब. त्याने मागचं झाकण काढलं, बॅटरी मारली आणि बराच वेळ उकिडवा बसून राहिला.

"वहिनी, याची मोटर जळालीय. गॅस केव्हाच उडालाय. हा गेलेला आहे."

"मग चालतोय कसा?"

"ते मला नका विचारू. आमच्या धंद्यात असं नसतं."

एवढ्यात पलीकडून सासूबाईंनी, जपात बोलायचं नाही म्हणून, नुसतं "हूं" करून त्याला बाजूला व्हायला सांगितलं. त्याने वाकून त्यांच्या पाया पडून घेतलं आणि पाना तिथेच विसरून गेला.

सूनबाईने मग मनाचा हिय्या करून प्लग उपटला. फ्रिज चालूच. आतला दिवासुद्धा. ती तोच प्लग हातात धरून नवऱ्यासमोर उभी राहिली. चिकटरावाने प्लगकडे बघितलं, फ्रिजकडे बघितलं, मग आईकडे, आणि त्याचं तोंड मुलगा झाल्यासारखं उजळलं.

"विजेशिवाय? आता तर मुळीच काढायचा नाही."

संध्याकाळी त्याने माळ्यावरची इस्त्री आणून आईच्या मांडीशी ठेवली. मग मिक्सर, मग भिंतीवरचं बंद घड्याळ. सगळी जिवंत झाली. मिक्सर गरगर फिरे पण वाटत नसे, इस्त्रीचा दिवा लागे पण ती तापत नसे, घड्याळ टिकटिक करी आणि काटे जागच्या जागी. मरायचं नाही एवढंच त्यांना ठाऊक होतं. ही बातमी शेजारी लपते थोडीच. लोक पंखे घेऊन आले, रेडिओ घेऊन आले. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी कवळी ठेवली, ती आपली आपणच चावत सुटली, तिच्यावर पातेलं पालथं घालावं लागलं. सासूबाईंची मान ताठ झाली. डॉक्टरला बोलवा एकदा बघायला, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या. ओट्यापर्यंत जायची वाट बुजली. त्यात हॉलवाल्याचा फोन आला, केक वेळेवर ना, आणि सूनबाईला रडू फुटलं.

डोळे पुसून ती गुरुजींकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की अर्थ न नेताच गेल्या ना त्या. मग त्यांनी तो हिला सांगितला. घरी येऊन ती पंखे ओलांडत सासूबाईंजवळ बसली.

"आई, मरण नको असं त्यात मागितलेलंच नाहीये."

"मग काय मागितलंय? माझी जीभ झिजली की गं."

"काकडी वेलावर पिकली की देठापासून आपसूक सुटते. ओढावी लागत नाही. तसं मला मरणाच्या भीतीतून सोडव, पिकले की आपसूक सुटू दे, म्हणतात."

सासूबाईंनी माळ मांडीवर ठेवली. पातेल्याखाली कवळी चावत होती.

"म्हणजे मी काकडी."

"आपण सगळेच हो."

"तू कशाला मध्ये येतेस. तू अजून फुलात आहेस."

मग त्यांनी मान वळवून फ्रिजकडे बघितलं. पोराच्या तापात बर्फ ह्यानेच दिला होता, यजमानांच्या औषधाच्या बाटल्या शेवटपर्यंत ह्यानेच सांभाळल्या होत्या. बिचाऱ्याला मीच धरून ठेवलं होय, त्या पुटपुटल्या. पदर सारखा केला, हात त्याच्या पत्र्यावर ठेवला आणि पहिल्यांदाच शब्द न् शब्द समजून एक माळ ओढली. माळ संपली तसा फ्रिजने लांब श्वास सोडला. नाडी आपोआप सुटली, दार उघडलं, आतला दिवा सावकाश मावळला. मागोमाग मिक्सर, पंखे, घड्याळ. कवळी सगळ्यांत शेवटी मिटली.

चिकटराव धावत आला. त्याने कान लावला, प्लग लावला, दोन थपडा मारल्या. फ्रिजवाल्याने येऊन डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, आता कसा रीतसर गेला. दिलेला शब्द चिकटरावाला आईसमोर गिळता येईना. त्याच संध्याकाळी नवा फ्रिज आला. रविवारी केक हॉलमध्ये असा ताठ उभा राहिला की हॉलवाला त्याच्याभोवती फिरून आला आणि पुढच्या लग्नांच्या तारखा सांगून गेला. सासूबाईंचे ठोके चुकायचे ते चुकतच होते, पण त्यांनी आता त्यांना नावं ठेवणं सोडलं.

सोमवारी त्या आसन घेऊन नव्या फ्रिजकडे निघाल्या. सूनबाईने घाईने त्यांचा हात धरला आणि सुचवलं की आजपासून बाहेरच्या खोलीत बसा, सोफ्याला टेकून, तिथेही तोंड पूर्वेलाच होतं. सोफ्याच्या स्प्रिंगा पाहुण्यांना टोचायच्या, पण नवऱ्याच्या हिशेबी सोफा चालू होता. चिकटराव त्यावर आडवा होऊन पेपर वाचत होता. आसन सोफ्यापाशी अंथरलेलं बघून त्याने पाय जमिनीला टेकवले.

"आई, इथे मी बसलोय."

"बस की," सासूबाई माळ काढत म्हणाल्या. "तू कुठे पिकलायस अजून."