बटणच्या प्रस्तुत अवस्थेबाबत

जबाबदारी निश्चित झाल्याशिवाय कोणतीही घटना पूर्ण घडली असं म्हणता येत नाही. छतातून पाणी गळत असलं तरी ते कुणाच्या न्हाणीघरातून येतंय हे ठरेपर्यंत सुज्ञ माणूस खाली बादली ठेवत नाही. आमच्या इमारतीत हे तत्त्व सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. मी तिथला सहचिटणीस असल्यामुळे हे अभिमानाने सांगू शकतो.

पहिल्या मजल्यावर आमच्या मुख्याध्यापिकाबाई राहतात. निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली, पण ही बातमी त्यांच्या आवाजापर्यंत अजून पोचलेली नाही. इमारतीतले निम्मे पुरुष त्यांच्या हाताखालून शिकून गेलेत आणि जिन्यात त्या दिसल्या की अजूनही शर्ट खोचतात. बाईंच्या घरात दोघी आणखी आहेत. एक भाची. ती दातांच्या कवळ्या बनवते आणि फारसं बोलत नाही. दुसरी बटण. बटण ही कुत्री आहे. वजन पावणेचार किलो, उंची कुकरएवढी (शिटी न धरता). बाईंनी तिला चारचौघांत आवाज करायचा नाही, पाय पुसल्याशिवाय आत यायचं नाही आणि कुणी दिलेलं खायचं नाही, एवढं शिकवलं होतं. वर्गातल्या मुलांना यातली पहिली गोष्टसुद्धा जमली नव्हती.

तर या बटणचं पोट सुटायला लागलं. बाईंनी तिचं खाणं निम्मं केलं आणि तिला सकाळ-संध्याकाळ जिन्याच्या चार फेऱ्या लावल्या. पोट वाढतच गेलं. बाईंनी फेऱ्या सहा केल्या. शेवटी भाचीने कामावर दांडी मारली आणि दोघींना जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं.

"गाभण आहे," डॉक्टर म्हणाली.

"शक्य नाही," बाई म्हणाल्या. "ती एकटी घराबाहेर जात नाही."

"मग कुणीतरी घरात आलं असेल."

"आमच्याकडे येणाऱ्याला आधी फोन करावा लागतो."

डॉक्टरने एक्स-रे दिव्यासमोर धरला. आत दोन पिल्लं होती आणि त्यातल्या एकाचं डोकं आईच्या मानाने बरंच मोठं होतं. "काही करायचं असतं तर महिन्याभरापूर्वी आणायला हवी होती. आता दोन आठवडे राहिलेत. हिला उपाशी का ठेवलीत?"

बाईंनी एक्स-रे स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा दिव्यासमोर धरला.

डॉक्टरने भाचीला नीट समजावलं. रोज दोनदा ताप बघायचा. अंग एकदम गार लागलं की चोवीस तासांत बाळंतपण. दोन तास कळा देऊनही काही आलं नाही, तर एक मिनिटही न थांबता इकडे घेऊन यायचं.

भाचीने एक खोकं आणलं, त्यात जुन्या चादरी घातल्या आणि डॉक्टरचा नंबर दारामागे चिकटवला. बाईंनी समितीला पत्र लिहिलं. आवारात गंभीर शिस्तभंग झाला असून संबंधिताचा शोध घ्यावा, असं त्यात होतं.

आमचे अध्यक्ष निवृत्त वजनमापे निरीक्षक आहेत. त्यांनी चोवीस तासांत पितृत्व उपसमिती नेमली. ('गाभण' हा शब्द कामकाजात वापरायला बाईंची हरकत होती, म्हणून सर्वत्र 'प्रस्तुत अवस्था' असं लिहिलं आहे.) दिवस मागे मोजत गेल्यावर एका मंगळवारपाशी बोट थांबलं. त्या मंगळवारी बाईंच्या घरात झुरळांचं औषध मारलं होतं आणि बटण तीन तास पार्किंगमध्ये बांधलेली होती. तिला कुणी बांधलं हा मुद्दा उपसमितीच्या कक्षेत येत नव्हता. (बाईंनी.)

इमारतीत नर जातीचे पाच कुत्रे आहेत. प्रत्येकाच्या मालकाला एक तक्ता भरायला दिला: मजला, स्वभाव, त्या मंगळवारी दुपारी कुठे होता, साक्षीदार. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लिहून दिलं, "आमचा सोन्या मुलींकडे मान वर करून बघत नाही." चौथ्या मजल्यावरच्यांनी आपल्या कुत्र्याच्या नसबंदीचं प्रमाणपत्र जोडलं. दुसऱ्या मजल्यावरचा कुत्रा चौदा वर्षांचा आहे आणि त्याला सोफ्यावर उचलून ठेवावं लागतं, म्हणून आम्ही त्याला वगळलं. तर त्याचे मालक तणतणत माझ्या घरी आले. "वगळलं म्हणजे काय? त्याला काय समजता तुम्ही?" त्यांच्या भावना लक्षात घेऊन कुत्र्याला पुन्हा संशयितांत घेतलं. ते समाधानाने चहा पिऊन गेले.

मग उंचीचा प्रश्न आला. अध्यक्षांनी टेप काढून पाचही जणांची मापं घेतली आणि सोन्याला बटणची उंची मानवणार नाही असा निष्कर्ष काढला. पण पार्किंगमध्ये एक पायरी आहे, हे कुणीतरी ध्यानात आणून दिलं. पायरी सात इंच भरली. तिथे कुत्रे उभे करून प्रात्यक्षिक घेतलं. सोन्या पायरीवर झोपला.

तेरा दिवस असं काम चाललं होतं. त्या तेरा दिवसांत बटणची विचारपूस करायला एकही सदस्य वर गेला नाही, कारण तिचा जबाब घेता येणार नव्हता.

अहवालाचं वाचन रविवारी सकाळी अकराला ठेवलं. पार्किंगमध्ये बत्तीस खुर्च्या मांडल्या, थेट फाटकापर्यंत. बाई नऊलाच खाली येऊन पहिल्या रांगेत फाईल मांडीवर घेऊन बसल्या. मी एकोणीस पानांपैकी चौथं पान वाचत होतो, तेवढ्यात भाची धुण्याची टोपली घेऊन धावत खाली आली. टोपलीत बटण होती.

"सकाळी तुम्ही खाली आलात तेव्हापासून कळा देतेय, मावशी. दोन तास झाले. काही येत नाहीये." मग आम्हा सगळ्यांना म्हणाली, "गाडी काढायचीय. खुर्च्या बाजूला घ्या."

अध्यक्षांनी विषयपत्रिका पाहिली. "प्रकृतीचा विषय पाचवा आहे. आपण अजून दुसऱ्यावर आहोत."

"अहो, मरेल ती!"

"त्यासाठी तातडीचा ठराव आणावा लागेल. सूचक कोण, अनुमोदक कोण?"

मी पेनाचं टोपण काढलं. बाई उठल्या आणि टोपलीत वाकून पाहू लागल्या. बटणचं सगळं अंग आवळत होतं, जीभ बाहेर आली होती, डोळे बाईंवर होते. पण तोंडातून आवाज नव्हता. समोर बत्तीस माणसं होती ना. चारचौघांत आवाज करायचा नाही, हे तिला पक्कं शिकवलेलं होतं.

बाईंच्या हातातली फाईल खाली पडली.

"उभे राहा," बाई म्हणाल्या.

सगळे उठले. अध्यक्ष बाईंचे विद्यार्थी नव्हते, तेही उठले.

"खुर्च्या उचला. ओढायच्या नाहीत. भिंतीला लावा. तू रे, चष्मेवाल्या, फाटक उघड."

चाळीस सेकंदांत रस्ता मोकळा झाला. डोक्यावर खुर्ची घेऊन मी भिंतीशी उभा होतो, हे मला नंतर कळलं. अहवालाची सात ते अकरा ही पानं चाकाखाली गेली. ठराव न करता पार पडलेलं हे इमारतीतलं पहिलंच काम, त्यामुळे ते इतिवृत्तात घेता आलेलं नाही.

पुढचं भाचीने सांगितलं. बाई गाडीत मागे टोपली मांडीवर घेऊन बसल्या आणि बटणच्या कानाशी तोंड नेऊन म्हणत राहिल्या, "ओरड गं. ओरड तू. कुणी काही म्हणणार नाही." पहिल्या वळणावर बटण ओरडली. (बाईंचं काय झालं ते भाचीने सांगितलं नाही.)

पोट उघडून दोन्ही पिल्लं काढावी लागली. डॉक्टर म्हणाली, आणखी अर्धा तास गेला असता तर तिघांतलं कुणी उरलं नसतं. टाके घातलेली बटण आणि तिची पिल्लं तिसऱ्या दिवशी घरी आली. मोठ्या डोक्याचं पिल्लू काळं होतं, दुसरं चहाच्या रंगाचं. दोन्ही इतकी गोजिरी होती की इमारतीच्या नैतिक वातावरणात ताबडतोब बदल झाला.

काकू म्हणाल्या, "नाक बघा, हुबेहूब आमचा सोन्या." चौदा वर्षांच्याचे मालक कुत्र्याला कडेवर घेऊन आले आणि त्याला पिल्लं दाखवून "बघ, पराक्रम" म्हणाले. चौथ्या मजल्यावरच्यांनी नसबंदीचं प्रमाणपत्र परत मागितलं; शस्त्रक्रिया तितकीशी नीट झाली नसावी असं त्यांना आता वाटत होतं. पितृत्वाचे एकूण नऊ अर्ज आले. त्यातले चार अशा घरांतून होते जिथे कुत्रा नाही.

बाईंनी नऊही अर्ज तपासले, शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आणि परत पाठवले. "बाप कोण ते मला माहीत नाही," त्या मला म्हणाल्या, "आणि हिने काही लपवलंय असंही मला वाटत नाही. उपसमिती बरखास्त करा." हे बोलताना त्या जमिनीवर बसून बटणला चमच्याने भात भरवत होत्या. भात पूर्ण वाटीभर होता.

पण लोक यायचे थांबेनात. म्हणून मी बाईंच्या दाराबाहेर स्टुलावर एक वही ठेवली: नाव, वेळ, येण्याचं कारण. पंधरा दिवसांत एक्केचाळीस सह्या झाल्या. कारणाच्या रकान्यात पहिल्या माणसाने लिहिलंय, "बाप कोण ते कळलं का?" आणि त्याखाली चाळीस जणांनी तेच लिहिलंय. टाके सुकले का, बटण जेवते का, असं विचारायला आजवर कुणी आलेलं नाही.

वही अजून तिथेच आहे. इतका वेळ तुम्ही कशासाठी थांबलात, हे न ओळखण्याइतका मी नवा सहचिटणीस नाही. बेचाळिसावी ओळ तुमच्यासाठी मोकळी ठेवली आहे. नाव आणि वेळ स्पष्ट अक्षरांत लिहा. कारणाखाली 'वरीलप्रमाणे' एवढंच लिहिलं तरी चालेल.