मराठी चित्रपटाचा जाहीर सत्कार

बंगळुरूत मराठी चित्रपट लागतो तो रविवारी सकाळी, येलहंक्याला. बघणारे राहतात जे. पी. नगरात, म्हणजे शहराच्या नेमक्या दुसऱ्या टोकाला. तरी माणसं जातात. परमुलखात मायबोलीतला सिनेमा पाहणं हे कर्तव्य आहे, असा ‘सह्यरंग मंडळा’चा ठराव आहे. पाहण्यापूर्वी सिनेमाचा यथोचित सत्कार व्हावा, असा पोटठरावही आहे. घात केला तो पोटठरावाने.

महानंदाबाईंना दोन्हींशी काही देणंघेणं नव्हतं. इस्लामपूर सोडून त्या मुलाकडे राहायला आल्या होत्या, आणि आज इतक्या लांब आल्या होत्या त्या धाकट्या भावासाठी. हंबीरराव जन्मभर जत्रेतल्या नाटकांत घसा फोडून दमला, तेव्हा कुठे साठीत एकदाचा त्याला सिनेमात घेतला. काम एवढंसं, पण अगदी शेवटच्या प्रसंगात. “ताई, शेवटी स्टेशनमास्तर येतो ना, तो मी. मधनंच उठून जाऊ नको बघ,” असं त्याने पुन्हा पुन्हा बजावलं होतं. बाई ठेवणीतलं इरकल नेसून आल्या होत्या.

दारातच पिशवी तपासली गेली. पिशवीत सत्काराचे नारळ. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास मनाई असल्याचं रक्षकाने सांगितलं.

“अण्णा, हे खायला नाही, सत्काराला आहे,” मंडळाचे अध्यक्ष त्रिविक्रमराव म्हणाले. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इथे आलेलं, त्यामुळे दारावर बोलणी करणं हा त्यांचा वंशपरंपरागत हक्क होता.

“आत नेऊन फोडलात तर?” रक्षकाने विचारलं.

जागच्या जागी तातडीची सभा भरली आणि नियमांच्या अधीन राहून शाल-श्रीफळाऐवजी शाल-पॉपकॉर्न देण्याची दुरुस्ती एकमताने संमत झाली. समईला आगीच्या नियमाची हरकत निघाली, म्हणून दीपप्रज्वलन मोबाइलच्या टॉर्चने झालं. एक टॉर्च लावायला पाच मान्यवर लागले, त्यातल्या एकाने चुकून फ्लाइट मोड लावला.

मग भाषणं. विषय होता, ‘मराठी माणूस मराठी चित्रपट का पाहत नाही?’ समोर मराठी माणसं चित्रपट पाहायला खोळंबून बसली होती. त्यांना चांगलं झापण्यात आलं.

“सार, साडेअकराला हॉल सोडायचा. पुढचा शो आहे,” व्यवस्थापक नागराज हळूच सांगून गेला.

“सरी, सरी,” अध्यक्ष कानडीत ‘बरं, बरं’ म्हणाले आणि मनोगताला उभे राहिले.

सिनेमा सुरू झाला तो दहा वाजून गेल्यावर. बाईंचा जीव घड्याळात अडकला. मध्यंतरात प्रायोजकांचे सत्कार झाले. आणि कथा अगदी रंगात आलेली असताना पडदा विझून दिवे लागले. सिनेमा संपल्यावर आभारप्रदर्शनाला काळं कुत्रं थांबत नाही, हा मंडळाचा पूर्वानुभव. सबब आभार आधी.

बाई ताडकन उठल्या. “अहो, बंद करा हे! माझा भाऊ यायचाय अजून!”

“अक्का, स्वल्प धीर धरा. येऊ देत, त्यांचाही सत्कार करू,” अध्यक्ष म्हणाले.

“इथं नव्हे हो, पडद्यावर! माझा सख्खा भाऊ आहे सिनेमात!”

आभार जागीच थांबले. कलावंताची सख्खी बहीण सभासदांत बसलेली असावी आणि मंडळाला तिची खबर नसावी! केवढी ही अक्षम्य त्रुटी! ती तत्काळ दूर करण्यात आली. बाई नको नको म्हणत असताना त्यांच्या अंगावर शाल पडली, हातात पॉपकॉर्नचा डबा आला, तीन वक्त्यांनी बहीण-भावाच्या नात्यावर प्रकाश टाकला. छायाचित्र नीट आलं नाही म्हणून शाल काढून पुन्हा घालण्यात आली.

“दोन शब्द बोला, अक्का.”

“मला सिनेमा बघू द्या हो,” बाई माईकवर काकुळतीला येऊन म्हणाल्या.

काय तो साधेपणा! टाळ्या थांबेनात. त्या थांबल्या तेव्हा नागराज दारात उभा होता. “सार, टैम आयितु. वेळ संपली.” त्याच्या मागून झाडूवाले आत शिरले, त्यांच्या मागून पुढच्या शोची गर्दी. मंडळी इंदिरानगरला डोसा खायला गेली.

संध्याकाळी हंबीररावाचा फोन आला. गडी हरखून गेला होता. “ताई, तुमच्या मंडळानं टाकलंय बघ ग्रुपवर! ‘शेवटच्या प्रसंगानं काळीज हललं.’ हितं आमच्या ग्रुपपातुर आलंय! खाली शेकड्यानं अंगठे! आयुष्याचं सोनं झालं गं. तू सांग, मी आलो तवा तुला कसं वाटलं?”

“रडू आलं रे,” बाई म्हणाल्या. ते काही खोटं नव्हतं.

आता तुम्ही चुकचुकाल, मंडळाला नावं ठेवाल. खुशाल ठेवा. पण हॉलमध्ये माणसं होती मूठभर. उरलेले अंगठे कुणाचे, ते तुमचं तुम्हांला ठाऊक.