परशराम अण्णांची गंगी

परशराम अण्णा माऊस ड्रॉवरमध्ये ठेवतात आणि ड्रॉवरला कुलूप लावतात. आमच्या कॉम्प्युटर खोलीत आलेल्या प्रत्येक नव्या शिक्षकाला हे पहिल्याच दिवशी कळतं आणि तो तडक माझ्याकडे ऑफिसात तक्रार घेऊन येतो. मी इथली क्लार्क. सीमाभागातल्या शहापुरात, या मराठी हायस्कुलात मला एकोणीस वर्षं झाली, त्यातलं निदान एक वर्ष तरी माऊसच्या तक्रारी ऐकण्यात गेलं असेल.

अण्णांना जाब विचारला तर ते शांतपणे सांगतात, "आक्का, माऊस म्हंजे बोट दावून मागणं. हे दे, ते दे, ल्हान पोरागत. माणसानं तोंडानं सांगावं." तोंडानं म्हणजे कळफलकानं. काळी खिडकी उघडायची, पांढऱ्या अक्षरांत हुकूम लिहायचा आणि एन्टर मारायचं. असे वीस-पंचवीस हुकूम एकाखाली एक लिहून ठेवले की झाली बॅच फाईल. ती एकदा हाकली की सगळं काम ओळीनं होतं. हे त्यांना कुणी शिकवलं नाही. शाळेच्या पहिल्या कॉम्प्युटरबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं होतं, त्याच्या समासात अर्धे अर्थ मराठीत आणि अर्धे कन्नडात लिहून लिहून ते शिकले. हुद्दा लॅब असिस्टंटचा, वय सत्तावन्न, राहणार हिंडलगा. तिथून रोज स्कूटरवरनं येतात, आणि कुणी काहीही घाईचं काम सांगितलं तरी उत्तर ठरलेलं: "स्वल्प थांबा."

स्वल्प म्हणजे कन्नडात थोडं, पण या स्वल्पाला सीमा नाही. माझा स्वभाव तापट, त्यामुळे ते दोन शब्द ऐकले की माझं डोकं उठतं.

त्यातून त्यांनी बॅच फाईलींना म्हशींची नावं दिलेली. हजेरी छापते ती तांबडी. जुन्या फाईली साठवून ठेवते ती चांदी. आणि फोटोंना नंबर घालते ती गंगी. नव्या मुख्याध्यापिका बाई आल्या त्याच आठवड्यात अण्णांनी त्यांना फोनवर सांगितलं, "बाई, गंगी अडकलीया. मागनं ढकलाय पायजे, मग सुटल." बाईंनी मला आत बोलावून दार लावून घेतलं आणि विचारलं, ही गंगी कुठल्या वर्गात आहे.

पण मला सांगायची आहे ती त्या गुरुवारची गोष्ट.

दहावीच्या फॉर्मांचा शेवटचा दिवस होता. एकशे शहाऐंशी मुलं, प्रत्येकाचा एक फोटो आणि एक सही. सगळ्या फाईली मुलांच्या मराठी नावांनी ठेवलेल्या, कारण वर्गशिक्षकांना तसंच सोपं जातं. त्या नोंदणी क्रमांकानं बदलून पाचच्या आत वर पाठवायच्या होत्या. ज्याचा फोटो चुकला त्याचा फॉर्म परत, आणि शेवटच्या दिवशी परत आलेला फॉर्म म्हणजे पोराचं वर्ष गेलं. हातानं करायला दोन दिवस लागले असते. गंगीला दरवर्षी चार मिनिटं लागतात, म्हणून आम्ही निवांत होतो. दीड वाजता अण्णांनी गंगी हाकली.

पहिल्याच ओळीवर तिनं तीन चमत्कारिक खुणा ओकल्या आणि 'हा हुकूम मला कळत नाही' म्हणाली. तरी पुढं गेली. मी फोटो उघडून बघितले तर सानिकाच्या नंबरावर मिशी फुटलेला प्रतीक. पुढच्या तिघींच्या जागीही तोच.

"अण्णा, हे काय करून ठेवलंत?"

"स्वल्प थांबा."

"थांबा काय थांबा. पोरांचं वर्ष जायची वेळ आलीय."

त्यांनी यादी बघितली. मुलांच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. अण्णा खुर्चीत मागं रेलले. "चौकोन दिसलं असतं तर भ्यायचं न्हवतं आक्का. चौकोन म्हंजे अक्षर जित्तं हाय, दावायला फाँट न्हाय. प्रश्नचिन्ह म्हंजे अक्षर गेलं. आणि हुकुमात प्रश्नचिन्ह आलं की ह्येला वाटतंय, हितं कुणीबी चालल. म्हणून जो पयला गावला त्यो घेतला."

मूळ फोटो वेगळे ठेवलेले होते, तेवढा जीव भांड्यात पडला. मग दुरुस्ती सुरू झाली. फाईल साठवताना तिच्या तोंडाशी एक न दिसणारी खूण चिकटली होती, ती काढली. तीन चमत्कारिक खुणा गेल्या. मग कॉम्प्युटरला अक्षरांचं कुठलं कोष्टक वापरायचं ते सांगणारी, पासष्ट हजार एक नंबरची ओळ त्यांनी खालून उचलून सगळ्यात वर आणली. प्रश्नचिन्हं गेली, नावं आली. 'अ' तुकडी अगदी व्यवस्थित झाली. 'ब' तुकडीच्या तोंडावर गंगी पुन्हा अडखळली. साडेतीन वाजले होते.

गंगीच्या तक्रारी एका वेगळ्या फाईलीत जमा होतात. अण्णा पाणी प्यायला उठले तेवढ्यात मी ती उघडली. आत लिहिलं होतं: 'घ्याला आराम पडला काय' हा हुकूम ओळखता येत नाही. त्याखाली: 'शी आता किती दूध देत्यात' हा हुकूम ओळखता येत नाही.

मी चक्रावले. मग सरळ गंगीच उघडली. हुकुमांच्या मधोमध 'रेम' शब्दानं सुरू होणाऱ्या लांबलचक ओळी होत्या. रेम म्हणजे ही ओळ कॉम्प्युटरनं वाचायची नाही, माणसानं आपल्यासाठी लिहिलेली टीप. लोक तिथं तारीख टाकतात, फार तर नाव. इथं लिहिलं होतं:

'रेम दादा, तुझ्या गुडघ्याला आराम पडला काय. काल काठी घेऊन गेलास ते मी खिडकीतनं बघितलो.'

'रेम दादा, वैनीच्या हातची भाकरी खाऊन सात वर्सं झाली. वास रोज येतोय.'

'रेम दादा, म्हशी आता किती दूध देत्यात.'

हिंडलग्यात अण्णांचं घर दोन भावांत वाटलं गेलंय, हे मला माहीत होतं. बोअरच्या मोटारीचा स्टार्टर कुणाच्या भिंतीवर बसवायचा यावरनं भांडण झालं आणि बोलणं बंद पडलं. म्हशी थोरल्याकडे गेल्या, त्यांची नावं अण्णांनी फाईलींना ठेवली. मधे एक भिंत. अण्णांचं लग्न झालेलं नाही, भिंतीच्या अलीकडे ते एकटेच.

पाण्याची बाटली घेऊन अण्णा मागं उभे होते. "ते वाचायचं न्हवतं आक्का. रेम हाय ते."

मला एकदम माझीच चूक आठवली. पूर्वी ते या ओळी इंग्रजी अक्षरांत लिहायचे. काहीतरी टीप असेल म्हणून मी कधी वाचल्या नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत मीच त्यांना डाफरले होते की मराठी शाळेत बसून हे काय, आणि मराठी टायपिंग शिकवलं होतं. इंग्रजी ओळी गंगी मुकाट ओलांडायची. लांब मराठी ओळी मधेच तुटत होत्या आणि अर्धा तुकडा ती हुकूम समजत होती.

"अण्णा, या ओळी काढाव्या लागतील."

ते खुर्चीत बसले आणि त्या ओळी नुसत्या वरखाली सरकवत राहिले. चार वाजून गेले. मी ओरडायला तोंड उघडलं होतं, पण त्यांच्याकडे बघून मिटलं. सात वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी घरी जाऊन गप्प बसत होता, आणि मी त्याला स्वल्पावरनं बोलत होते. माझी मलाच लाज वाटली.

मग मी म्हटलं, "पुसायच्या नाहीत. साध्या फाईलीत उतरवून ठेवू. तिथं मराठीला काही होत नाही."

त्यांनी मान हलवली. एकेक ओळ त्यांनी स्वतः उचलली आणि दुसरीकडे ठेवली. मग गंगी हाकली. 'अ' झाली, 'ब' झाली, 'क' झाली. एकशे शहाऐंशी. सानिकाच्या जागी सानिका, दोन वेण्यांसकट. पाचला अकरा मिनिटं कमी असताना शेवटचा फॉर्म गेला आणि मी खुर्चीत अक्षरशः कोसळले. मुख्याध्यापिका बाईंनी सगळ्यांना चहा मागवला.

चहा येईपर्यंत मी त्या साध्या फाईलीची छापील प्रत काढली. दोन पानं झाली. घडी घालून अण्णांच्या हातात दिली. "पोस्टानं पाठवा."

"एक भिंत हाय मधी आक्का. तिकीट कशाला लावू?" असं म्हणून त्यांनी पानं खिशात घातली. देतील असं मला वाटलं नव्हतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत ऑफिसच्या दारात आले. चेहरा अण्णांचाच, दहा वर्षं पुढचा. हातात ती दोन पानं.

"परशराम हुद्दार कुठं बसतोय?" ते म्हणाले. "दारात कागूद टाकून गेलाय. मला दिसत न्हाय, चष्मा घरात ऱ्हायला. ज्येनं लिवलंय त्येनंच वाचून दावाय पायजे."

चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. काडी बाहेर डोकावत होती. मी त्यांना कॉम्प्युटर खोलीत नेलं.

अण्णा उठून उभे राहिले. दादा त्यांच्या खुर्चीत बसले, पानं पुढं केली आणि काठी दोन्ही हातांत धरून खाली बघत राहिले. अण्णांनी ती घेतली आणि ते पहिल्या शब्दापासून वाचायला लागले. "रेम दादा, तुझ्या गुडघ्याला..."

"रेम म्हंजे काय रं?" दादांनी विचारलं.

"काय न्हाय," अण्णा म्हणाले. "पत्राच्या सुरवातीला लिवत्यात तसं."