बावीस मिलिमीटरचा माणूस

निवृत्त बसड्रायव्हरच्या फुप्फुसात गाठ निघाली. थोरल्या रुग्णालयाच्या मशिनने ती बावीस मिलिमीटरची सांगितली, नदीकाठच्या रुग्णालयाने सव्वीस आणि स्टेशनमागच्याने अठरा. कॅन्सरवरच्या नव्या औषधाचा प्रयोग ही तिन्ही रुग्णालयं मिळून करत होती आणि गाठ किमान वीसची असल्याशिवाय औषध द्यायचं नाही, असा नियम होता. ड्रायव्हर दोन ठिकाणी पात्र ठरला. तिसऱ्या ठिकाणी त्याची तब्येत नियमात बसणार नाही इतकी चांगली होती.

समिती बसली. आधी मशिनं जुळवायची, मग औषध, असं ठरलं. त्यासाठी तिन्हीकडे नेऊन मोजता येईल अशी एकच वस्तू हवी होती. प्लास्टिकचं धड मागवलेलं होतं, पण ते कस्टममध्ये अडकून पडलं होतं. तेवढ्यात प्रमुख डॉक्टरबाईंचं लक्ष बाहेर बाकावर बसलेल्या ड्रायव्हरकडे गेलं.

"काका, तिन्हीकडे जाऊन आलेले तुम्हीच एकटे आहात. आम्ही तुम्हाला मोजमापाचं मानक नेमतोय. तुमची गाठ बावीस, हे आता कायम."

ड्रायव्हर हरखला. जन्मभर त्याने लोकांना सुखरूप पोचवलं होतं आणि लोकांनी उशिराबद्दल त्याला बोल लावले होते. आता गळ्यात ओळखपत्र आलं, रांग सोडून थेट आत प्रवेश मिळू लागला.

"ते सगळं छान आहे हो," बायको म्हणाली, "पण औषध कधी देणार, ते विचारलंत का?"

त्याने विचारलं.

"काका, औषधाने गाठ लहान झाली, तर आम्ही मोजायचं कशावरून?" डॉक्टरबाईंना खरोखरच वाईट वाटलं आणि त्यांनी तसं फायलीत नमूद केलं.

तिन्ही मशिनं बावीसवर जुळवली गेली. काही महिन्यांनी ड्रायव्हरला जिना चढताना धाप लागू लागली आणि मशिनने पंचवीसचा आकडा दाखवला.

"गाठ वाढली असेल," तंत्रज्ञ म्हणाला.

"मानक वाढत नसतं. मशीन बिघडलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या.

उरलेली दोन मशिनंही नेमकी तेवढीच बिघडलेली निघाली. त्यांच्यात एवढी एकवाक्यता आल्याबद्दल समितीने समाधान व्यक्त केलं आणि तिन्ही पुन्हा बावीसवर आणली. पुढे हे दर महिन्याला होऊ लागलं.

याचा एक सुखद परिणाम झाला. पट्टीच ताणली गेल्याने बाकी सगळ्या रुग्णांच्या गाठी कागदावर लहान होऊ लागल्या. औषध घेणाऱ्यांच्या झाल्या, न घेणाऱ्यांच्याही झाल्या. औषध इतकं गुणकारी आहे की ते न घेताही लागू पडतं, असा निष्कर्ष निघाला आणि डॉक्टरबाईंचा सत्कार झाला.

सत्काराच्या दिवशी बायको नवऱ्याला धरून तिथे पोचली. "बाई, यांना दोन पायऱ्या चढवत नाहीत. तुमची पट्टी दुसऱ्या कोणावर तरी लावा आणि यांना औषध द्या."

"काकू, रिपोर्ट बघा ना. इतक्या महिन्यांत तसूभरही वाढ नाही. यांना औषधाची गरजच काय?"

"बावीसच आहे गं," ड्रायव्हर धापा टाकत म्हणाला.

तुमच्या घरातल्या कोणाचा रिपोर्ट परवा आला असेल, तर त्यात गाठ कमी झाल्याचंच लिहिलेलं असणार. तुम्ही तो दोनदा वाचलात, नातेवाइकांना फोन केलेत, डॉक्टरांचे हात हातात घेतलेत. कशाच्या मानाने कमी, हे मात्र तुम्ही विचारलं नाहीत. आणि आता कळल्यावरही विचारणार नाही.